मिठाची बाई

निलोपोलिस, ४ फेब्रुवारी २००३

लिझिया आझेरेदो यांस,

तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र टीव्ही कंपनीच्या पत्त्यावर पाठवते आहे. पाकिटावर तुझं नाव आणि खाली ‘नामावलीचं काम करतात तिथे’ असं लिहिलंय. पोचलं तर पोचलं.

मी झुल्मीरा. तुमच्या तिजुकातल्या फ्लॅटमध्ये चौदा वर्षं कामाला होते. तू मला झुझू म्हणायचीस. तुला माझी ओळख करून द्यावी लागतेय, कारण पंधरा वर्षं झाली, आणि तुमच्या घरात माणूस विसरायला तेवढीसुद्धा लागत नाहीत.

काल ‘मिठागर’ सुरू झाली. आठची मालिका, म्हणजे नऊला लागते ती. नव्या मालिकेचा पहिला दिवस हा माझा सण असतो. शाळेतल्या भटारखान्यातून आले, आंघोळ केली, मक्याच्या लाह्या फोडल्या आणि खुर्ची ओढून बसले. शेजारचा झुरांदीर आला होता. तो बसवर कंडक्टर होता, आता निवृत्त आहे, आणि नामावली चालू असताना बोलतो. त्याला गप्प बसवलं.

नामावली लागली. रिकामं जेवणाचं टेबल, आणि वरून मीठ पडायला लागतं. ताटांत, पेल्यांत, पाळण्यात, पियानोच्या पट्ट्यांवर. गाण्याचा पहिला शब्द मिठाच्या जरा मागून येतो. मी झुरांदीरला म्हटलं, “हे ज्याने केलंय त्याला कळतं.” नामावलीने गोष्ट सांगायची नसते, गोष्टीची तहान लावायची असते. इथवर सगळं बरोबर होतं.

आणि मग ते दार आलं. स्वयंपाकघराचं. दारात एक बाई पाठमोरी उभी. डाव्या खांद्यावर फडकं. एप्रनची गाठ मागे नाही, डाव्या कुशीवर. एका पायावर उभी आणि दुसऱ्या पायाची टाच पोटरीवर घासतेय. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचा निळा उजेड तिच्यावर हलतोय.

माझ्या हातातल्या लाह्या सांडल्या. पोटरीच्या शिरा फुगायच्या म्हणून मी तशी उभी राहायचे. गाठ कुशीवर असायची कारण मागे बांधली की तू येता-जाता ओढून सोडायचीस. जगात आणखी कुठली बाई तशी उभी राहते?

आणि त्या बाईचं तू काय केलंस? ती पायापासून पांढरी होत गेली. मिठाची झाली. मग ढासळली. त्या ढिगातून मालिकेच्या नावाची अक्षरं वर आली.

भाग संपल्यावर बारीक अक्षरांत नावं पळतात ना, तीही मी वाचते. नामावली: लिझिया आझेरेदो.

चौदा वर्षं तुमचं मीठ खाल्लं आणि त्या मिठाला जागले. त्याचं तू हे फळ दिलंस. मलाच मीठ केलंस आणि रोज रात्री नऊला सगळ्या ब्राझीलसमोर ढासळवतेस. रविवारची तेवढी सुट्टी.

उत्तर नको. फक्त मला कळलंय, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

झुल्मीरा

*

६ मार्च २००३

लिझिया,

उत्तर नको म्हटलं म्हणून खरंच नाही पाठवलंस. मोठी झालीस पण अक्कल तेवढीच.

चूक माझीही आहे. त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे, ही मी आहे.” झुरांदीरने दुसऱ्या दिवशी सकाळी पावाच्या दुकानात सांगितलं, आणि दुपारपर्यंत गल्लीत झालं. पाववाला मानाने दोना लावून मला म्हणतो, दोना झुल्मीरा, जरा वळून उभ्या राहा बघू. शाळेतली पोरं जेवणाच्या रांगेत एका पायावर उभी राहतात. परवा कार्निव्हलात आमच्या गल्लीच्या घोळक्यात एक धिप्पाड गडी अंगभर पीठ फासून, खांद्यावर फडकं टाकून, लंगडी घालत नाचत होता. लोकांनी मला धरून त्याच्या शेजारी उभं केलं आणि फोटो काढला. मी हसतेय त्यात. काय करणार?

लोक हसतात त्याचा राग नाही. राग याचा की त्या बाईला तोंड नाही. महिना झाला, रोज बघते. मान तिरपी करून बघितलं. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बघितलं. गालसुद्धा दिसत नाही.

आणि हे करणारी तू. मी तुला नामावलीवर वाचायला शिकवलं असं लोकांना सांगते, पण ते अर्धंच खरं आहे. तू सहा वर्षांची होतीस, शाळेत अक्षरं शिकत होतीस. मी बत्तीस वर्षांची, आणि मला स्वतःच्या नावापलीकडे काही वाचता यायचं नाही. तू सोफ्यावरून ओरडायचीस, “झुझू, तो फ!” आणि मी दारातून पुढचं अक्षर सांगायचे. कधी तू चुकायचीस, कधी मी. नटनट्यांची नावं, गाणाऱ्यांची नावं, केशभूषा, वेशभूषा. एक मालिका आठ महिने चालते. आठ महिने रोज तीच नावं. दुसरी मालिका संपेपर्यंत आपण दोघी वाचत होतो. तुझ्या आईला वाटायचं शाळा चांगली आहे.

तू नंतर वहीत नामावल्या काढायला लागलीस, चौकटी आखून. मी म्हणायचे, इथे थांबव, इथे उगाच घाई केलीय. तुझी पहिली परीक्षक मी. त्या वह्या तुमच्या घरी राहिल्या.

मालिका मात्र चांगली चाललीय. आउरोरा वीस वर्षांनी बापाच्या मिठागरावर परत आली तो भाग बघताना मी झुरांदीरला घरी हाकलून दिलं, कारण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. त्या लबाड बाल्ताझारने कागदपत्रं जाळली, पण खरी जाळली नाहीत, बघशील तू. तुला आधीच माहीत असेल म्हणा. मला सांगू नकोस.

झुल्मीरा

*

२२ मार्च २००३

लिझिया,

तुझं पत्र आणि खोकं मिळालं. ‘मिठागर’ छापलेला गंजीफ्रॉक झुरांदीरला दिला. आउरोराचा सही केलेला फोटो ठेवून घेतलाय, त्यात तिचा काही दोष नाही.

पत्र चार वेळा वाचलं. तू लिहितेस की ती बाई म्हणजे तुझा मला केलेला नमस्कार आहे. सगळ्या घरात तीच एकटी खरी आहे म्हणून ती शेवटी येते. पुढे लिहितेस की राग आला असेल तर तू वरच्या साहेबांशी बोलशील. मी कॅमेऱ्यासमोर उभं राहावं, ती बाई शेवटी वळेल आणि माझं तोंड दिसेल. वर मोटारही पाठवणार.

तोंड माझं आहे, मी देत नाही. एवढं सगळं लिहिलंस, दोन पानं भरून, आणि त्या शुक्रवारचा एक शब्द नाही. म्हणून आता मीच लिहिते. तुला आठवत नसेल तर आठवेल.

१९८८ साल. आंधळ्या पियानोवाल्याच्या मालिकेचा शेवटचा भाग. तुझे आईवडील नितेरॉयला लग्नाला गेले होते, उशिरा येणार होते. तू चौदा वर्षांची. मी लाह्या घेऊन आले, तुझ्या हातात वाडगा दिला आणि माझ्या जागी दारात जाऊन उभी राहिले. तू म्हणालीस, “झुझू, आज तरी बस ना.” मी नको म्हटलं. तू म्हणालीस, “शेवटचा भाग आहे. तू उभी असलीस की माझं लक्ष लागत नाही.” उठून माझा हात धरून नेलंस.

चौदा वर्षं मी तो हिरवा सोफा झाडला होता. त्या दिवशी कळलं की तो किती मऊ आहे.

पाऊण भाग झाला आणि दार उघडलं. तुझ्या वडिलांचं पोट बिघडलं म्हणून सगळे लवकर परतले होते, बरोबर एक पाहुणे जोडपं. मी उठायच्या आत तुझी आई म्हणाली, “हिला इथे कुणी बसवलं?” आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवायच्या नाहीत.

मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगेल.

तू म्हणालीस, “मी नाही सांगितलं. तीच बसली.”

पाहुणी बाई हसली. तुझी आई माझ्या जागेवर बसली, तिने पाहुण्यांसाठी कॉफी मागितली, आणि मी आत जाऊन कॉफी गाळली. पियानोवाल्याला दिसायला लागलं की नाही, ते मला दुसऱ्या दिवशी बसमध्ये कळलं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोचकं घेऊन त्या बसमध्ये होते. तू शाळेत गेली होतीस. त्या दिवशी तुला लवकर पाठवलं होतं.

काढून टाकलं त्याचं दुःख केव्हाच गिळलं. घरकाम सोडून शाळेत लागले, ते बरंच झालं. पण ‘तीच बसली’ हे दोन घास आहेत की काय, पंधरा वर्षं घशातून उतरत नाहीत. मी आगाऊ बाई ठरले. मी, जी त्या सोफ्याच्या हाताला कधी टेकले नाही.

तू पोर होतीस हे मला कळतं. पण आता नाहीस. तेव्हा माझं तोंड टीव्हीवर दाखवायची गरज नाही. तू तुझ्या आईसमोर जा आणि सांग, की मीच तिला बसवलं होतं. बाकी मला काही नको.

झुल्मीरा

*

१५ जून २००३

लिझिया,

तू मे महिन्यात लिहिलंस की तू आईला सांगितलंस, आणि आई उठून आपल्या खोलीत गेली. तेवढ्यावर मी समाधान मानलं होतं. पण गोष्ट तिथे संपली नाही. तुला हे तुझी आई सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

मंगळवारी शाळेत फोन आला. मुख्याध्यापिका भटारखान्यात येऊन म्हणाल्या, कुणी दोना नोर्मा आहेत. तुझी आई. हात पिठाचे होते, तसेच फोन घेतला. त्या म्हणाल्या, “झुल्मीरा, मला तुझ्याशी बोलायचंय. मला आता जिने होत नाहीत. तू येशील?” जिने कसले, त्यांच्याकडे लिफ्ट आहे. पण म्हटलं येते. काल शनिवारी गेले.

तुझे वडील गेल्याचं तू लिहिलं होतंस, पण घर इतकं रिकामं असेल असं वाटलं नव्हतं. तुझी आई वाळलीय. दार त्यांनीच उघडलं. म्हणाल्या, “बस.” सोफा नवा आहे, करडा.

मी म्हटलं, “उभीच बरी. तुमच्या घरात बसायला सांगणारे नंतर नाही म्हणतात.”

त्यांना ते लागलं. मला लागावं असंच वाटत होतं. त्या स्वतः बसल्या. मग म्हणाल्या, “लिझियाने मला सांगितलं. तिला वाटलं मला नवीन काही सांगतेय. मला त्याच रात्री माहीत होतं.”

मी म्हटलं, “काय माहीत होतं?”

“की तिनेच बसवलं. तू आपणहून बसणारी नव्हतीस. चौदा वर्षं बघत होते ना तुला.”

लिझिया, तेव्हाही मी बसले नाही. विचारलं, “मग मला का काढलंत?”

त्या म्हणाल्या, “तुला दिसलं नसेल, मला दारातून आधी तेच दिसलं. तिचे पाय तुझ्या मांडीवर होते. झोपेत असल्यासारखी पसरली होती. माझ्या मांडीवर तिने कधी पाय ठेवले नाहीत. मी सोफ्याचं विचारलं, कारण दुसरं काय विचारणार होते पाहुण्यांसमोर?”

मला खरंच आठवत नव्हतं. तुझे पाय होते का माझ्या मांडीवर? असतील. तू लहानपणापासून तशीच पसरायचीस. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मी घेवडा निवडत असले तरी.

म्हणजे बघ. तू खरं बोलली असतीस तरी मी गेलेच असते. मी गेले ती तू खोटं बोललीस म्हणून नव्हे. आणि ही बाई हे पंधरा वर्षं जाणून होती, आणि तुला तुझ्या खोट्याखाली दबू दिलं. मी विचारलं, “पोरीला कधी सांगितलंत का नाही? ती समजत होती की तिच्यामुळे झालं.” तर म्हणतात, “सांगितलं असतं तर तिने मला माफ केलं नसतं.”

मग मी बोलले. इतकी वर्षं त्या घरात कधी बोलले नव्हते तेवढं बोलले. म्हटलं, दोना नोर्मा, मुलीचं प्रेम हवं होतं तर तिच्या शेजारी बसून मालिका बघायची होती. मी दारात उभी राहून बघत होते, तरी ते मला मिळालं. तुमच्याकडे तर अख्खा सोफा होता. तुम्ही एका पोरीच्या अंगावर खोटं चढवलंत आणि वर तिलाच ते वाहू दिलंत. माझी माफी मागू नका, तिची मागा. आणि मी पंधरा वर्षं चुकीच्या माणसावर रागावले, त्याचं काय करू ते सांगा.

त्या रडल्या. मी त्यांना पाणी आणून दिलं. पेले अजून त्याच कपाटात आहेत, याचाही मला राग आला.

निघताना दाराशी म्हणाल्या, “मी ‘मिठागर’ रोज बघते. ती बाई आली की मी टीव्ही बंद करते आणि मिनिटभराने लावते.”

करू दे. तुला कळवायला हवं म्हणून कळवलं. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. इतका जुना राग एका शनिवारात जात नाही. पण आता तो ठेवायला जागा सापडत नाही.

एक सांगायचं राहिलं. मीठ तिच्या खांद्यावरच्या फडक्यापर्यंत चढतं, तेव्हा तू गाणं क्षणभर थांबवलं आहेस. तिथे कुणीही थांबवलं नसतं. ते बरोबर केलंस.

झुझू

*

४ ऑक्टोबर २००३

लिझिन्या,

अजून रागात आहे, अक्षर समजून घे.

काल शेवटचा भाग. आमच्या गल्लीने रस्त्यावर टेबलं मांडली होती. झुरांदीरच्या जावयाने मोठा टीव्ही ओढून बाहेर आणला, वायर खिडकीतून. मक्याचा केक मी केला होता. साठ-सत्तर माणसं. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आधी नामावली नीट बघायची, कुणी बोलायचं नाही, आज शेवटची आहे. लहान पोरं एका पायावर उभी राहून तयार होती.

नऊ वाजले. आणि सरळ गोष्टच सुरू झाली. आउरोरा मिठागराच्या बांधावरून चालतेय. मला वाटलं, थोडं दाखवून मग नामावली लावतील. जाहिराती आल्या. परत गोष्ट. पुन्हा जाहिराती. बाल्ताझार पकडला गेला, लग्न झालं, समुद्र दिसला, ‘समाप्त’ आलं. नामावली नाही. शेवटची बारीक अक्षरंसुद्धा इतकी पळवली की तुझं नाव माझ्याखेरीज कुणाला वाचता आलं नसेल.

लोक टाळ्या वाजवत होते. शेवट छान होता असं सगळे म्हणतात. मी झुरांदीरला म्हटलं, “छान कसला? आठ महिने ज्या बाईने दार उघडलं तिलाच शेवटच्या दिवशी बाहेर ठेवलं.” तो म्हणाला, “दोना झुल्मीरा, तुम्हालाच तर ती आवडत नव्हती.” मी म्हटलं, आवडणं माझ्याकडे, आणि दाखवणं त्यांच्याकडे. त्याचा केक परत घेतला.

आज सकाळी प्रेक्षकांच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. आधी अर्धा तास तुमचं गाणंच वाजत होतं. मग एक मुलगी आली, गोड बोलणारी. मी म्हटलं, शेवटच्या भागात नामावली का गाळली? ती म्हणते, “बाई, वेळ कमी होता. शेवटच्या भागात पुष्कळ घटना असतात.” मी म्हटलं, “साबणाच्या जाहिरातीला वेळ होता. तीच जाहिरात तीनदा लावलीत, मी मोजलीय. नामावली पासष्ट सेकंदांची आहे.” ती म्हणते, लोकांना शेवट बघायचा असतो. मी म्हटलं, “मुली, माणूस दोनशे भाग ज्या दाराने आत आला, त्या दाराने त्याला शेवटचं येऊ द्यावं की नाही? त्यावर कुणीतरी रात्रंदिवस राबलंय. मीठ फडक्यापर्यंत चढतं तिथे गाणं थांबतं, ते तू बघितलंस का?” तिने नव्हतं बघितलं. टीव्ही कंपनीत काम करते आणि बघितलं नाही म्हणते.

शेवटी म्हणाली, तक्रार लिहून घेते. नाव विचारलं, गाव विचारलं, वय विचारलं. मग म्हणाली, “नामावली केलेल्या व्यक्तीशी आपलं काही नातं आहे का? तसा रकाना आहे.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग म्हटलं, “लिही. ती माझ्या हाताखाली वाढलीय. मी तिला वाढवलंय.” ती म्हणाली, म्हणजे आई का? मी म्हटलं, “आई नाही. तुझ्या रकान्यात मावत नसेल तर बाजूला लिही.” तिने बाजूला लिहिलं. मी परत वाचून दाखवायला लावलं.

तक्रारीचा क्रमांक ४१७७ आहे. तू तिथेच काम करतेस, तर खाली जाऊन चौकशी कर आणि मला कळव. पंधरा दिवसांत उत्तर देतात म्हणे. आलं नाही तर मी स्वतः तिकडे येणार आहे, आणि साहेबाला भेटल्याशिवाय परत जाणार नाही. फाटकावरच्या माणसाला माझं नाव सांगून ठेव.

झुझू